बाबांचा बायोडेटा दीड पानात संपतोय. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाची ३२ वर्षं कशी लिहू?

रानजाई | १८ मे २०२५, रात्री १०.४०

माझे बाबा ३० जूनला निवृत्त होतायत. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात ते राज्यशास्त्र शिकवतात. जून १९९३ मध्ये लागले, तेव्हापासून तिथेच. महाविद्यालय गौरव अंक काढतंय आणि 'सरांचा शैक्षणिक प्रवास' हा लेख मुलीनंच लिहावा असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मी बँकेत आहे, माझा या विषयाशी संबंध बारावीनंतर तुटला.

काल त्यांचा बायोडेटा घेऊन बसले. एम.ए., मराठवाडा विद्यापीठ. पीएच.डी. नाही. सेट (प्राध्यापक व्हायची राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) तिसऱ्या खेपेला, १९९९. शोधनिबंध ७, त्यातले ४ चर्चासत्रांच्या स्मरणिकांत. पुस्तक १, तेही प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमावर आणि आणखी दोन सरांबरोबर मिळून. रिफ्रेशर कोर्स ३. एन.एस.एस. कार्यक्रम अधिकारी ६ वर्षं. झालं. दीड पान.

मग माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. त्यात एम.ए.च्या नोट्स निघाल्या. सोव्हिएत संविधानाच्या प्रकरणावर आडवी रेघ मारून बाबांनी बारीक अक्षरात 'आता नाही' असं लिहिलंय. पुठ्ठ्याचा एक छोटा डबा निघाला, वर फट असलेला, गल्ल्यासारखा. आणि ९ वह्या, गावांची नावं नि आकडे भरलेल्या. एन.एस.एस. शिबिरांचा हिशेब असावा.

दीड पानाचं गौरव अंकात काय करू? तुमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी-मॅडमनी तुम्हाला काय दिलं ते सांगाल का? त्यातून मला बाबांना विचारायला प्रश्न तरी सापडतील. ते स्वतःहून एक अक्षर बोलत नाहीत.

---

कट्ट्यावरचा | १८ मे, रात्री ११.१५

आमच्या सरांचा पहिला तास सांगतो. एफ.वाय.ला होतो, वर्गात ऐंशी पोरं. सरांनी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, "सकाळी उठल्यापासून इथं येईपर्यंत सरकारशी तुमचा कुठे कुठे संबंध आला?" आम्ही म्हटलं, कुठेच नाही. सरांनी खडू घेतला. नळाला पाणी किती वाजता आलं? ते कोण ठरवतं? दुधाच्या पिशवीवर काय छापलंय? एस.टी.चा पास कुणी दिला? अर्ध्या तासात फळा भरला. शेवटी म्हणाले, "हा आपला अभ्यासक्रम. पुस्तक परीक्षेसाठी घ्या."

मी आज किराणा दुकान चालवतो. पण नगरपालिकेची नोटीस आली की घाबरत नाही, आधी कलम वाचतो. हे त्यांचंच.

---

वाळवण | १९ मे, सकाळी ७.०५

बायोडेटा दीड पानाचा आहे म्हणून जीव खाऊ नकोस गं. माझ्या आईचा तर अर्ध्या पानाचा होता नि तिच्या निरोपाला गाव लोटलं होतं.

---

खडूफळा | १९ मे, सकाळी ९.३०

रानजाई, १९९३ ची नेमणूक आणि सेट १९९९, हे दोन आकडे बघूनच मला निम्मी गोष्ट कळली. मी त्याच पिढीतला आहे, वाणिज्य शाखेतला. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात सेट किंवा नेट (राष्ट्रीय पातळीवरची तशीच परीक्षा) नसताना लागलेल्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं मोर्चे, धरणी आणि कोर्टाच्या तारखा यांत अडकला होता. सेवा कधीपासून धरायची, बढती कधीपासून द्यायची, सगळं लटकलेलं. २०१३ साली शासन निर्णय निघाला, तरी कज्जे संपले नाहीत. तुझ्या वडिलांना मधल्या ६ वर्षांबद्दल विचार. बायोडेटात ती दिसत नाहीत, पण सेवापुस्तिकेत नक्की दिसतील.

आणखी एक. जून १९९३ ला ते मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयात लागले. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचं नामांतर झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं आणि परभणी तिकडे गेली. नोकरीच्या पहिल्या दीड वर्षात विद्यापीठाचं नाव बदललं आणि मग विद्यापीठच बदललं. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या तरुण माणसानं नामांतराचे ते दिवस वर्गात कसे काढले असतील? हे विचारच.

---

रानजाई | १९ मे, दुपारी १.५०

खडूफळा काका, विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वर्गात दोन्ही बाजूंची पोरं होती. एक बाक इकडे, एक बाक तिकडे. मी महिनाभर नुसतं संविधान सभेतल्या चर्चा वाचून दाखवत होतो. माझं मत विचारलं तेव्हा सांगितलं, नामांतर व्हायलाच हवं होतं. दोन पोरं उठून गेली. त्यातलं एक परत आलं." इतकंच. मग चहा मागितला.

मी २९ वर्षांची आहे आणि हे मला आज कळलं.

सेवापुस्तिकेबद्दल आईनं सांगितलं. त्या ६ वर्षांत दर उन्हाळ्यात 'पुढच्या वर्षी ठेवतील ना' हा एकच विषय घरात असायचा.

---

तासिकेवर_तास | १९ मे, दुपारी ३.२०

ताई, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. मी त्याच विषयात, त्याच विद्यापीठात आहे, पण तासिका तत्त्वावर. नेट २०१६, पीएच.डी. २०२१. सकाळी साडेसातचा तास एका गावात, अकराचा दुसऱ्या गावात, मध्ये ४० किलोमीटर मोटारसायकल. दिवाळीच्या सुट्टीचं मानधन नाही, उन्हाळ्याचं नाही, आणि जे मिळायचं तेही पाच-सहा महिने तुंबून एकदम येतं. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे. तोच अभ्यासक्रम, तेच पेपर तपासणं, तीच पोरं, आणि माझ्या हातात त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही पडत नाही. गेल्या मुलाखतीला एका जागेसाठी आम्ही ६३ जण होतो. बाहेरच्या व्हरांड्यात निम्मे एकमेकांना ओळखत होते, कारण सगळ्याच मुलाखतींना तेच असतात.

नियमांचं सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आलं की विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची. मग ती तारीख २०२३ वर ढकलली. आणि २०२३ चा जुलै उजाडता उजाडता सांगितलं की नेट, सेट किंवा स्लेट पुरेसं आहे. त्या सक्तीच्या धास्तीनं मी प्रबंध घाईनं बांधून दिला. विषय जिवाभावाचा होता, पाणीवाटप संस्थांचं राजकारण. अजून दोन गावं फिरायची राहिली होती. ती राहिलीच. दुःख नोकरीचं आहेच, पण त्याहून त्या दोन गावांचं जास्त आहे.

---

सरळरेषा | १९ मे, सायंकाळी ६.१०

मी वेगळं बोलणार आहे, रानजाईने राग मानू नये. ३२ वर्षांत ७ निबंध आणि पीएच.डी. नाही, हे कमीच आहे. प्राध्यापक म्हणजे नुसता शिकवणारा नाही, ज्ञानात भर घालणारा. मराठवाड्यात त्या ३२ वर्षांत काय काय घडलं! पंचायत राज बदललं, सहकार बदलला, आरक्षणाची आंदोलनं झाली, दुष्काळ पडले. त्याचा अभ्यास तिथल्या प्राध्यापकांनी करायचा नाही तर कुणी? तो न झाल्यामुळे आपल्या भागाबद्दल लिहायला पुण्या-दिल्लीची माणसं येतात, चार दिवस राहतात आणि पुस्तक लिहून जातात. चांगल्या शिक्षकांना मान द्या, जरूर द्या. पण लिहिलं नाही ही उणीवच आहे.

---

पिंपळपार | १९ मे, सायंकाळी ७.००

सरळरेषा, पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातले राम बापट सर आठवा. त्यांनी मानानं फार कमी लिहिलं. पण त्यांच्याशी बोलून, त्यांची व्याख्यानं ऐकून नाटकवाले, कार्यकर्ते, कवी, संशोधक अशा किती जणांची विचारांची घडण झाली! २०१२ मध्ये ते गेले तेव्हा हळहळणाऱ्यांत राज्यशास्त्राबाहेरचे लोकही कितीतरी होते. हे कोणत्या रकान्यात भरायचं?

---

सरळरेषा | १९ मे, सायंकाळी ७.२५

बापट सरांबद्दल आदर आहेच. पण त्यांचं उदाहरण ज्याला त्याला लावू नका. त्याच विभागातल्या सिरसीकर सरांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला. आपल्याकडे मतदारांना जाऊन विचारायचं असतं ही कल्पनाच तेव्हा नवी होती. राजेंद्र व्होरा सरांनी १९२० च्या दशकातला मुळशी सत्याग्रह कागदपत्रांतून उकरून काढला, धरणग्रस्तांची इतकी जुनी लढाई! नागपूरला भा. ल. भोळे सर मराठीतून सातत्यानं लिहीत राहिले. व्होरा आणि पळशीकर सरांनी मिळून मराठीत राज्यशास्त्राचा कोश केला, म्हणून आज माझ्यासारख्याला 'अधिमान्यता' (लोकांनी सत्तेला दिलेली मान्यता) हा शब्द वापरता येतो. हे सगळे शिकवतही होतेच की.

---

पिंपळपार | १९ मे, सायंकाळी ७.४०

त्यांच्या हाताशी विद्यापीठाचं ग्रंथालय होतं. तालुक्याच्या गावी १९९३ ला काय होतं? एक कपाट, कुलूपबंद.

---

खडूफळा | १९ मे, रात्री ८.१५

दोघांचंही बरोबर आहे, पण एक गोष्ट निसटतेय. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आली. निबंधाला इतके गुण, चर्चासत्राला इतके, अध्यक्षस्थानाला इतके. मग पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. २०१९ मध्ये दर्जेदार नियतकालिकांची यादी करायला घेतली, तिचं काम पुण्यातून चालायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद झाली. त्या काळात ज्यांनी ४०-५० निबंध 'केले' ते मी जवळून पाहिलेत. रानजाईच्या वडिलांनी ७ वर थांबून त्या ढिगात भर घातली नाही, हेही नोंदवा.

---

लोकलची_खिडकी | १९ मे, रात्री ९.५०

बायोडेटात न मावणाऱ्या माणसांवरून उषाबेन मेहता आठवल्या. १९४२ च्या आंदोलनात मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या त्याच. तेव्हा वय २२. नोव्हेंबरात पकडल्या गेल्या, १९४६ पर्यंत तुरुंगात होत्या. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण सुटल्यावर त्यांनी गांधीविचारांवर मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. केली, वर्षानुवर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राजकारण विभागाच्या प्रमुख होऊन १९८० ला निवृत्त झाल्या, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. रेडिओ जेमतेम तीन महिने चालला, शिकवणं कित्येक दशकं. माझी मावशी त्यांची विद्यार्थिनी. ती सांगते, खादीची पांढरी साडी, आवाज बारीक, पण मागच्या बाकापर्यंत एकही शब्द हरवायचा नाही.

---

सातासमुद्रापार | २० मे, पहाटे ४.३०

मी इंडियानात असते, म्हणून इथली गोष्ट सांगते. एलिनॉर ऑस्ट्रॉम. त्यांना अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची होती, पण शाळेत त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती म्हणून प्रवेश नाकारला. मग राज्यशास्त्रात गेल्या, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलावर १९६५ मध्ये प्रबंध पूर्ण केला. नवऱ्याला इंडियाना विद्यापीठात नोकरी लागली म्हणून इथे आल्या. यांना काय मिळालं? मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसातचा प्राथमिक वर्ग, जो दुसऱ्या कुणाला नको होता. (तासिकेवर_तास, तुमचा साडेसातचा तास वाचला आणि हेच आठवलं.) पुढे विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी इंडियानापोलिसच्या आसपास पोलिसांच्या कामाची मोजणी केली. घरोघरी जाऊन लोकांना विचारलं. दिसलं असं की छोट्या वस्त्यांची छोटी पोलीस खाती मोठ्या शहरी खात्याच्या तोडीस तोड, बऱ्याचदा सरस काम करतात. तिथून कुरणं, जंगल, कालवे, गावानं मिळून सांभाळलेल्या गोष्टी. २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या पहिल्या महिला.

माझा मुद्दा नोबेलचा नाही. सुरुवात विद्यार्थ्यांना घेऊन शेजारच्या गल्लीत मोजायला जाण्यापासून झाली. रानजाई, त्या ९ वह्या नक्की हिशेबाच्याच आहेत का? 'गावांची नावं नि आकडे' वाचून मला राहवेना. उघडून बघ ना गं.

---

रानजाई | २० मे, रात्री ९.२०

सातासमुद्रापार, तुम्हाला काय म्हणू कळत नाहीये.

हिशेबाच्या नाहीत. ग्रामसभेच्या आहेत.

१९९६ पासून दर १५ ऑगस्टला बाबा महाविद्यालयातलं झेंडावंदन उरकून तृतीय वर्षाच्या पोरांना घेऊन जवळच्या गावांत ग्रामसभेला जायचे. मला एवढंच आठवतं की १५ ऑगस्टला बाबा कधी घरी नसत आणि संध्याकाळी चिखलानं भरलेल्या चपला घेऊन यायचे. तीच ५ गावं, आलटून पालटून. एक पान जसंच्या तसं देते, गावाचं नाव गाळून:

'१५-८-९७. वेळ दिली १०, सुरू ११.४०. हजर ४१, पैकी बाया ३, मागे ओट्यावर. गणपूर्ती नाही, तहकूब. तरी लोक बसून बोलले. विषय: टाकीचं पाणी वरच्या आळीला चढत नाही. सरपंचबाई आल्या नाहीत, पती बोलले. ग्रामसेवकानं आधीच लिहून आणलेला ठराव वाचला. पोरांनी विचारलं, ठराव आधी कसा लिहिला? उत्तर नाही.'

त्याच गावाचं २०१२ चं पान: 'हजर १३०, बाया ५८. सरपंचबाई स्वतः बोलल्या. पतीनं मध्ये तोंड घातलं तेव्हा म्हणाल्या, तुम्ही बसा. हशा. विषय: टाकीचं पाणी वरच्या आळीला चढत नाही.'

दोन्ही पानांवर टाकी तीच आहे.

पुढे २०१७ ला फक्त एक ओळ: 'सभा झालीच नाही. सह्या घरोघरी फिरवून घेतल्या.'

मी बाबांना विचारलं, हे छापलं का नाही? म्हणाले, "ते पोरांसाठी होतं. वर्गात गणपूर्ती शिकवली की विसरतात. तिथं दीड तास खोळंबून बसले की विसरत नाहीत."

---

कट्ट्यावरचा | २० मे, रात्री ९.३५

अंगावर काटा आला.

---

ओसरी | २० मे, रात्री १०.००

मी दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होते. वाचणाऱ्यांसाठी सांगते, ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातले जे कमी असेल तेवढे हजर लागतात. नाही भरले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग संख्येची अट नसते. म्हणून पुष्कळ गावांत पहिली सभा मुद्दाम पडू देतात आणि दुसरी दहा माणसांत उरकतात. कागदोपत्री दोन्ही ठीकठाक. सरांच्या वहीत 'तहकूब' किती वेळा येतं ते मोज. आणि बायकांचा आकडा बघताना २०११ च्या आधीचं-नंतरचं वेगळं कर, कारण त्या वर्षी आपल्याकडे पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या. त्याआधी एक तृतीयांश होत्या.

"तुम्ही बसा" म्हणायला काय लागतं ते मला विचारा. मला चार वर्षं लागली.

---

सरळरेषा | २० मे, रात्री १०.३०

मी माझं म्हणणं अर्धं मागे घेतो.

अर्धंच. कारण ही नोंद छापली गेली असती तर किती जणांच्या कामी आली असती! एकाच माणसानं, त्याच गावांत, त्याच दिवशी, इतकी वर्षं केलेली नोंद. कुणाच्या प्रकल्पाला तीन वर्षांपलीकडे पैसे मिळत नाहीत आणि इथे दोन दशकांहून जास्त काळ सलग आहे. ती पेटीत राहिली याचं मला अजूनही वाईट वाटतं, कालच्यापेक्षा जास्त वाटतं. रानजाई, कृपया वह्या कुणाला नेऊ देऊ नकोस. आधी प्रत्येक पानाची प्रत कर. दोन-तीन वर्षं गेली तर शाई उडेल.

---

तासिकेवर_तास | २० मे, रात्री ११.०५

ताई, वर्षवार तक्ता करायला मी येतो, एक पैसा नको. सुट्टीच आहे, मानधनही नाही आणि कामही नाही. पण दोन गोष्टी पाळू. माणसांची नावं गाळायची, कारण ती गावं अजून तिथेच आहेत आणि निवडणुका अजून होतात. आणि सरांनी जिथे अंदाजे मोजलंय नि जिथे डोकी मोजलीत, ते वेगळं दाखवायचं. सरांना विचारावं लागेल.

---

पुठ्ठ्याची_पेटी | २१ मे, सकाळी ८.४५

हे खास सदस्यनाव मी आज त्या गल्ल्यासाठी घेतलंय. तो गल्ला नाही! दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा 'लोकनीती' म्हणून उपक्रम आहे, ते लोकसभा निवडणुकांनंतर देशभर मतदारांचा अभ्यास करतात. महाराष्ट्रातलं काम पुण्याहून चालायचं आणि गावोगावच्या महाविद्यालयांतले प्राध्यापक नि विद्यार्थी फिरायचे. २००४ ला मीही फिरलो. मतदार यादीतून नावं काढून दिलेली असायची आणि त्याच माणसाला गाठायचं. तो शेतावर गेला असेल तर शेतावर जायचं. 'शेजाऱ्याला विचारा' चालत नसे. आणि मत कुणाला दिलं हा प्रश्न आला की बोलायचं नाही. चिन्हं छापलेला मतपत्रिकेसारखा कागद हातात द्यायचा, आपण तोंड फिरवायचं, त्यानं शिक्का मारून, घडी घालून पेटीत टाकायचा. तीच ही पेटी असणार.

एका म्हातारीनं घडी घातलेला कागद कपाळाला लावून पेटीत टाकला होता. मी म्हटलं, आजी, हे खरं मतदान नाही, अभ्यास आहे. ती म्हणाली, "असंना का, इचारलं तर कुनी तरी."

---

रानजाई | २१ मे, दुपारी १२.१०

बरोबर! बाबांनी बघता क्षणी ओळखली. २००४ आणि २००९ ला ते गटप्रमुख होते. पेटीच्या तळाला एक उरलेला कोरा कागद चिकटलेला आहे, चिन्हांचा.

---

लोकलची_खिडकी | २१ मे, दुपारी २.००

या विषयाची किंमतही मोजावी लागते, तेही कुठेतरी यायला हवं. २०१२ मध्ये राज्यशास्त्राच्या शालेय पुस्तकातल्या व्यंगचित्रावरून वाद पेटला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव या दोघा सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पळशीकर सरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली. पुढे २०२३ ला पुस्तकांतले भाग गाळले गेले तेव्हा त्या दोघांनी आमची नावंच काढा असं कळवलं. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला पुस्तकातल्या चित्रासाठी कुणी मारायला येत नाही. तालुक्याच्या गावात तर जो नेता संस्थेचा अध्यक्ष, त्याच्याच राजकारणावर वर्गात बोलायचं असतं. रानजाई, हेही विचारशील का? सांगतील तेवढंच लिही.

---

रानजाई | २४ मे, रात्री ११.३०

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, तीन दिवस वह्यांतच होते.

लोकलची खिडकी, विचारलं. बाबा म्हणाले, "वर्गात कधी कुणाचं नाव घेतलं नाही. पद्धत शिकवली. पोरं नाव आपलं आपण घालायची." याहून जास्त बोलले नाहीत आणि मीही थांबले.

तासिकेवर_तास परवा घरी आले. आले दोन तासांसाठी नि राहिले दोन दिवस. बाबा आणि ते ओट्यावर बसून एकेक वर्ष लावत होते. २००३ च्या पानावर भांडण झालं. बाबा म्हणतात हजर ७०, वहीत ९० लिहिलंय. शेवटी बाबांनी त्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याला फोन लावला, तो आता तलाठी आहे. तो म्हणाला, "सर, नव्वदच. मीच मोजले होते, तुम्ही मला दोनदा मोजायला लावलं होतं." बाबा हरले आणि मी त्यांना इतकं खूश क्वचित पाहिलंय. तासिकेवर_तास यांच्या प्रबंधात राहून गेलेल्या दोन गावांपैकी एक बाबांच्या ५ गावांत आहे. त्या गावची पानं त्यांनी रात्री एकट्यानं बसून वाचली.

'तहकूब' आतापर्यंत ३१ वेळा आलंय, अजून ३ वह्या बाकी आहेत.

गौरव अंकाचा लेख सुरू केलाय. बायोडेटा शेवटी जाईल, दीड पानच, काही न वाढवता. सुरुवात १९९७ च्या त्या पानानं करतेय. सरळरेषा, तुमचं म्हणणंही मी बाबांना वाचून दाखवलं, गाळलं नाही. ते म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. लिहायला हवं होतं." मग म्हणाले, "यंदाच्या १५ ऑगस्टला मी मोकळाच आहे."

एक मदत हवी आहे. वह्या जुन्या शिलाईच्या आहेत, पानं सुटायला आलीत. परभणीत बांधणी न उसवता स्कॅन करून देणारं कुणी आहे का?

---

वाळवण | २५ मे, सकाळी ६.५०

माझ्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे परभणीत, बसस्टँडजवळ. वरून फोटो काढणारं मशीन आहे, वही दाबावी लागत नाही. दुकानाचा पत्ता व्यक्तिगत निरोपात टाकते. सोमवारी ये, तो सकाळी नऊला उघडतो. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आण गं, वळवाचा पाऊस चालू आहे.